एक पुडी, बारा आकडे: संशोधनातील काटेकोरपणावरच्या बेळगावातील कार्यशाळेचे परीक्षण

यंदाच्या पावसाळ्यात एका विज्ञान संघटनेने बेळगावातील एका महाविद्यालयात संशोधनातील काटेकोरपणा या विषयावर दोन दिवसांची कार्यशाळा घेतली. निपाणीत रसायनशास्त्र शिकवणारी मी शुल्क भरून, दोन किरकोळ रजा टाकून तिला हजर राहिले. शुल्क सभासदांना १,५०० रुपये आणि इतरांना २,२०० रुपये होते. त्यात दोन वेळचे जेवण, चहा, एक कापडी पिशवी, छापील पुस्तिका आणि प्रमाणपत्र एवढे मिळत होते. आपल्याकडे लोक खानावळीचे परीक्षण लिहितात, मिक्सरचे आणि पावसाळी बुटांचेही लिहितात. कार्यशाळेचे मात्र कोणी लिहीत नाही, कारण प्रमाणपत्र फाइलला लागले की तिचे काम संपलेले असते. या कार्यशाळेतील एक सत्र इतके चांगले होते आणि बाकीची काही सत्रे त्या सत्राच्या इतकी विरुद्ध जाणारी होती, की दोन्हींची नोंद व्हावी असे मला वाटले.

आधी शब्दाविषयी थोडेसे. एकाने केलेला प्रयोग दुसऱ्याने दुसऱ्या ठिकाणी केला तर तेच उत्तर आले पाहिजे, या अपेक्षेसाठी वक्ते दोन्ही दिवस इंग्रजी शब्दच वापरत होते. मराठीत आपण ‘पुनःप्रत्यय’ हा शब्द कवितेच्या आनंदासाठी राखून ठेवला आहे. प्रयोगशाळेला तो तितकाच शोभतो, म्हणून या लेखात मी तोच वापरते.

पहिल्या दिवसाची सकाळ दीपप्रज्वलन, शाली आणि परिचय यांत गेली. त्यानंतरचे बीजभाषण माहितीच्या दृष्टीने पक्के होते. २०१२ मध्ये अॅम्जेन या औषध कंपनीच्या शास्त्रज्ञांनी कर्करोगावरील गाजलेल्या ५३ संशोधनांची फेरतपासणी प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील फक्त ६ निष्कर्षांना दुजोरा मिळाला होता. २०१५ मध्ये मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहण्यात आले. मूळ निबंधांपैकी ९७ टक्क्यांत परिणाम संख्याशास्त्रीयदृष्ट्या ठळक होता, पण फेरप्रयोगांत तसा तो ३६ टक्क्यांतच दिसला. ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने २०१६ मध्ये १,५७६ संशोधकांना विचारले, तेव्हा ७० टक्क्यांहून अधिक जणांनी दुसऱ्याचा प्रयोग आपल्याला जमला नसल्याचे सांगितले आणि निम्म्याहून अधिक जणांनी स्वतःचाच प्रयोग पुन्हा जमला नसल्याचेही कबूल केले. हे आकडे वक्त्यांनी नीट संदर्भासह मांडले आणि त्यांचा अर्थ ताणला नाही, याचे श्रेय त्यांना द्यायला हवे. तरीही सभागृहात जो हळहळीचा सूर उमटला, तो शेजाऱ्याच्या घरातले भांडण ऐकताना निघतो तसा होता. सगळी उदाहरणे अमेरिकेची आणि युरोपची होती, त्यामुळे चूकही तिकडची आणि काटेकोरपणाही तिकडचाच, असा समज करून घ्यायला वाव राहिला.

ही माझी पहिली तक्रार आहे, आणि ती मी थोडी विस्ताराने मांडते, कारण ज्या शहरात आपण बसलो होतो त्याच शहराचे उदाहरण या भाषणातून निसटले. २००२ ते २००५ या काळात बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांमध्ये १,६२० बाळंतिणींवर एक चाचणी झाली. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आणि काही अमेरिकी संस्था तिच्यात एकत्र होत्या. प्रसूती करणाऱ्या परिचारिका कोणाला मिसोप्रोस्टॉलच्या (गर्भाशय आकुंचित करून रक्तस्राव रोखणाऱ्या औषधाच्या) ६०० मायक्रोग्रॅमच्या गोळ्या मिळाल्या आणि कोणाला तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या मिळाल्या, हे जाणत नव्हत्या. प्रसूतीनंतरच्या अतिरक्तस्रावाचे प्रमाण औषध नसलेल्या गोळ्यांच्या गटात १२ टक्के होते, तर औषधाच्या गटात ते ६.४ टक्क्यांवर आले. निबंध २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, आणि खेड्यात सुई व शीतपेटीविना देता येणारे औषध म्हणून मिसोप्रोस्टॉलला जगभर जे स्थान मिळाले त्यात या चाचणीचा मोठा वाटा आहे.

मला त्यातली गोळी जितकी महत्त्वाची वाटते, तितकीच त्यांची चादरही वाटते. रक्त किती गेले हे तोवर डोळ्यांनी अदमास घेऊन लिहिले जाई. या गटाने बाळंतिणीखाली अंथरायची एक प्लॅस्टिकची चादर तयार केली. तिच्या टोकाला नरसाळ्यासारखी पिशवी होती आणि पिशवीवर मोजमापाच्या रेघा होत्या. डोळ्यांचा अदमास आणि पिशवीतले माप यांची तुलना केली तेव्हा अदमास सुमारे एक तृतीयांशाने कमी भरत असल्याचे आढळले. म्हणजे नुसत्या अदमासावर विसंबून चाचणी केली असती, तर कित्येक अतिरक्तस्राव वहीत उतरलेच नसते. मोजण्याची रीत आधी सुधारायची आणि मग प्रश्न विचारायचा, हा क्रम आपल्याच जिल्ह्यातील गावांत परिचारिकांच्या हातून पाळला गेला आहे. बीजभाषणातली दहा मिनिटे या चादरीला दिली असती, तर अॅम्जेनचे ५३ निबंध ऐकून जे साधले नाही ते साधले असते.

पहिल्या दिवशी दुपारी झालेल्या संख्याशास्त्राच्या सत्राबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनने २०१६ मध्ये पी-मूल्याबद्दल (प्रत्यक्षात काहीच परिणाम नसताना निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याच्या शक्यतेबद्दल) जे सहा मुद्द्यांचे निवेदन काढले, त्यावर चाळीस मिनिटांत चव्वेचाळीस स्लाइड धावल्या. पी-मूल्य ०.०५ च्या खाली गेले म्हणजे सिद्ध झाले असे नव्हे, एवढे मागच्या रांगेपर्यंत पोहोचले असावे. निकाल हाती येण्याआधीच प्रश्न आणि पद्धत तपासून निबंध स्वीकारण्याची जी रीत काही नियतकालिकांनी २०१३ पासून सुरू केली आहे, तिचा उल्लेख एका वाक्यात आला आणि गेला. आपल्याकडील औषधचाचण्यांच्या नोंदवहीचा विषय मात्र चांगला मांडला गेला. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्यापूर्वीच चाचणीची नोंद करण्याचे बंधन आले, हे अनेकांना नव्याने कळले. निकाल पाहून प्रश्न बदलण्याची सोय त्यामुळे कशी कमी होते, हे वक्त्या बाईंनी फळ्यावर दोन चौकटी काढून इतके स्वच्छ समजावले की त्यांनाच संख्याशास्त्राचे सत्रही द्यायला हवे होते.

आता दुसऱ्या दिवसाकडे येते. नोंदणी करतानाच एक अट कळवली होती: येताना आपल्या प्रयोगशाळेत रोज वापरली जाणारी एक मायक्रोपिपेट (अंगठ्याने बटन दाबून द्रवाचे अगदी लहान माप सोडणारे उपकरण) बरोबर आणावी, नवी आणू नये. हे कोणी सुचवले ते मला कळले नाही, पण दोन दिवसांच्या शुल्कातली अर्धी किंमत या एका ओळीची होती. बारा टेबले मांडली होती आणि प्रत्येक टेबलावर चौघे होते. माझ्या टेबलावर चिक्कोडीचे एक प्राध्यापक, गडहिंग्लजची एक संशोधक विद्यार्थिनी आणि धारवाडचे एक गृहस्थ होते. आमचे आपसातले बोलणे मराठी, कानडी आणि इंग्रजीतून जसे जमेल तसे चालले होते. प्रत्येक टेबलाला हिरड्याच्या चूर्णाची एकेक बंद पुडी मिळाली. सगळे चूर्ण एकाच पिशवीतले होते, आमच्यासमोरच घोळून पुड्यांत भरले होते. त्यातील एकूण फिनॉल (वनस्पतीतील एका प्रकारची संयुगे) किती, हे फोलिन-सिओकाल्ट्यू पद्धतीने, म्हणजे अभिक्रियेत येणाऱ्या रंगाच्या गडदपणावरून, काढायचे होते. कृतीचा कागद मुद्दाम छापील निबंधातल्यासारखा, पाच ओळींचा होता: अर्क काढा, अभिक्रियाकारक घाला, सोडियम कार्बोनेट घाला, अंधारात ठेवा, रीडिंग घ्या आणि उत्तर गॅलिक आम्लाच्या तुलनेत लिहा. आपल्यापैकी बहुतेकांचे निबंध याहून जास्त काही सांगत नाहीत, हे मान्य करायला हवे.

अडीच तासांनी बारा उत्तरे फळ्यावर लिहिली गेली. सर्वांत कमी आकडा ग्रॅममागे १४१ मिलिग्रॅम होता, सर्वांत जास्त ३१८ होता, आणि आमचा १९६. एकाच पिशवीतला हिरडा एका टेबलावर दुसऱ्याच्या दुपटीहून गुणकारी ठरला होता. सभागृहात कोणी हसले नाही. हे बारा आकडे बारा वेगवेगळ्या निबंधांत छापले गेले असते तर कोणाला संशय आला नसता, उलट कोणीतरी त्यावर चंदगडचा हिरडा सरस की खानापूरचा असा तेरावा निबंध लिहिला असता. फळ्याकडे पाहताना प्रत्येक जण बहुधा आपापले जुने निबंध आठवत होता.

त्यानंतरचा दीड तास मी आजवर पाहिलेल्या कोणत्याही कार्यशाळेतला सर्वांत मोलाचा दीड तास होता. सत्राच्या संचालकांनी कोणाचे उत्तर चुकले हे विचारलेच नाही. प्रत्येक टेबलाने नेमके काय केले, एवढेच ते मिनिटामिनिटाने विचारत गेले. एका टेबलाने मिश्रण अर्धा तास अंधारात ठेवले होते, दुसऱ्याने चहा आला म्हणून दीड तास ठेवले होते, आणि या अभिक्रियेत रंग सावकाश वाढत असल्याने रीडिंग वेगळे येणारच होते. दोन टेबलांनी अर्क पाण्यात काढला होता आणि बाकीच्यांनी मिथेनॉलमध्ये. गॅलिक आम्लाचे प्रमाण द्रावण काहींनी त्याच सकाळी केले होते. एका टेबलावरच्या मंडळींनी मात्र आपल्या महाविद्यालयातून आणलेली, मागच्या महिन्याची बाटली वापरली होती. एका टेबलाने अर्क दहापट पातळ केला होता आणि शेवटच्या हिशेबात दहाने गुणताना ०.५ मिलिलिटरचा भाग विसरला होता. सर्वांत गमतीची चूक पावसाची होती. तीन टेबलांनी उत्तर कोरड्या वजनावर दिले होते, बाकीच्यांनी पुडीतून निघालेल्या वजनावर. बेळगावच्या जुलैमधल्या हवेत उघडे ठेवलेले चूर्ण किती ओलावा धरते हे इथल्या गृहिणींना विचारायला नको, पण आम्ही नऊ टेबलांनी त्याचा विचारही केला नव्हता.

मग पिपेटींची पाळी आली. तराजूवर छोटे भांडे ठेवून त्यात १,००० मायक्रोलिटर पाणी सोडायचे, वजन घ्यायचे आणि असे दहा वेळा करायचे. २५ अंशांच्या आसपास एवढ्या पाण्याचे वजन ०.९९६ ग्रॅमच्या जवळ यायला हवे, आणि आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे या मापाच्या पिपेटीला ८ मायक्रोलिटरपर्यंतची चूक माफ असते. माझ्या पिपेटीचे सरासरी वजन ०.९६१ आले. ती दर वेळी ३५ मायक्रोलिटर कमी देत होती. तिच्या अंगावर खरेदीच्या वर्षाची चिकटपट्टी अजून शाबूत होती, तपासणीची मात्र एकही नव्हती. मी तिच्यावर विसंबून तीन वर्षे विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासले आहेत, आणि ती चूक मी इथे लिहिते आहे ती कोणाला उपदेश करण्यासाठी नव्हे, तर या सत्राची किंमत कळावी म्हणून.

जेवणानंतर सगळ्या टेबलांनी मिळून एक दीड पानाची कृती लिहिली. तिच्यात वेळ मिनिटांत होता, तापमान होते, तरंगलांबी ७६५ नॅनोमीटर अशी स्पष्ट होती, ओलावा काढण्याची रीत होती आणि पिपेटीची दुरुस्ती हिशेबात धरलेली होती. तीच पुडी पुन्हा मोजली. या वेळी बारा आकडे २०५ ते २४३ यांच्या दरम्यान आले.

हा फरक पुरेसा कमी आहे का, या प्रश्नाला संचालकांनी जे उत्तर दिले त्यात एका जुन्या संघटनेची कहाणी होती. १८८४ मध्ये अमेरिकेतील कृषी रसायनशास्त्रज्ञ खतांच्या तपासणीवरून त्रासले होते. एकाच खताचे वेगवेगळ्या प्रयोगशाळांत वेगवेगळे उत्तर येत असे आणि व्यापारी व शेतकरी दोघेही भांडत असत. त्या वर्षी त्यांनी एओएसी ही संघटना काढली आणि एकच नमुना अनेक प्रयोगशाळांना वाटून पद्धती पारखण्याचा रिवाज घातला. आजही मापनाच्या एखाद्या पद्धतीला तिचा पूर्ण शिक्का हवा असेल तर किमान आठ प्रयोगशाळांची ग्राह्य उत्तरे लागतात. अशा अनेक फेऱ्यांतील आकडे गोळा करून विल्यम हॉरविट्झ यांनी १९८० च्या सुमारास एक ठोकताळा मांडला: शुद्ध पदार्थ मोजताना प्रयोगशाळांमध्ये सुमारे २ टक्क्यांचा फरक (प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती विखुरतात ते) पडतो, आणि पदार्थाचे प्रमाण शंभरपटीने कमी झाले की फरक दुप्पट होतो, त्यामुळे दहा लाखांत एक भाग मोजताना तो १६ टक्क्यांवर जातो. आमच्या हिरड्यात फिनॉल शेकडा वीस-बावीस होते, म्हणजे फरक अडीच टक्क्यांच्या आसपास असायला हवा होता. दुसऱ्या फेरीतही तो पाच टक्क्यांपर्यंत भरला. दुपटीपर्यंत चालवून घेण्याची प्रथा आहे, त्यामुळे आम्ही काठावर पास झालो. सकाळच्या आकड्यांचा तर विचारही नको.

विज्ञान संघटनांनी नेमके काय करावे, या प्रश्नाचे उत्तर मला या कहाणीत मिळाले, आणि ते व्यासपीठावरून सांगितलेल्या उत्तरापेक्षा वेगळे आहे. व्यासपीठावर आचारसंहिता, मार्गदर्शक तत्त्वे, शपथा आणि जागृती यांची यादी होती. त्यांना माझा विरोध नाही. पण तत्त्वे विद्यापीठही छापू शकते आणि शपथ प्राचार्यही देववू शकतात. संपादकाला तयार निबंध दिसतो, पिपेट दिसत नाही. महाविद्यालयाला आपली एकच प्रयोगशाळा दिसते. पाण्याची किंवा अन्नाची तपासणी करणाऱ्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळांना तुलनेसाठी बाहेरून नमुने घ्यावेच लागतात आणि त्यांचे उत्तर इतरांपासून किती दूर गेले याचा गुणांक मिळतो. संशोधन करणाऱ्या महाविद्यालयांना असे कोणी विचारत नाही. निपाणी, चिक्कोडी, गडहिंग्लज, धारवाड आणि बेळगाव येथील प्रयोगशाळा एकाच वेळी जिच्या हाताशी आहेत अशी जागा एकच, ती म्हणजे संघटना. एकच पुडी सगळ्यांना पाठवणे आणि आलेले आकडे नावे झाकून फळ्यावर लिहिणे हे काम तिच्याशिवाय कोणाला जमणार नाही.

हे नवे काही नाही. लंडनच्या रॉयल सोसायटीची स्थापना १६६० मध्ये झाली आणि दोनच वर्षांनी तिने रॉबर्ट हूक यांना प्रयोगांचे व्यवस्थापक नेमले. आठवड्याच्या सभेत सभासदांसमोर प्रयोग करून दाखवणे हे त्यांचे काम होते. कोणाच्याही शब्दावर विसंबायचे नाही, हे त्या सोसायटीचे ब्रीद आहे. सभासदांनी एकत्र यायचे ते आधी साक्षीदार म्हणून, श्रोते म्हणून नंतर. आपल्या संघटनांच्या अधिवेशनांत हा क्रम कधी उलटला कोण जाणे.

उलटलेल्या क्रमाचा नमुना समारोपातच पाहायला मिळाला. दोन्ही दिवस बाहेरच्या व्हरांड्यात पोस्टर लावलेली होती आणि शेवटी उत्कृष्ट पोस्टरचे पारितोषिक दिले गेले. विजेत्या पोस्टरवर एका वनस्पतीच्या अर्काचा आलेख होता, प्रत्येक खांबावर संभाव्य चूक दाखवणारी लहान रेघ होती आणि खाली तीन पुनरावृत्त्या असे लिहिले होते. मी त्या विद्यार्थ्याला सहज विचारले, तेव्हा त्याने प्रामाणिकपणे सांगितले की अर्क एकदाच काढला होता आणि तीच क्युव्हेट (नमुन्याची लहान पारदर्शक बाटली) यंत्रात तीनदा ठेवून रीडिंग घेतले होते. त्या मुलाचा दोष मी मानत नाही, त्याला कोणी वेगळे शिकवलेले नाही. तीनदा वाचलेली एक बाटली यंत्राचा स्थिरपणा सांगते, वनस्पतीबद्दल काहीच सांगत नाही, आणि नेमके हेच आदल्या दिवशी दुपारी एका स्लाइडवर होते. परीक्षकांनी हा एक प्रश्न विचारला असता तर कार्यशाळेचा विषय निदान त्यांच्यापर्यंत पोहोचल्याचे दिसले असते. पोस्टरच्या अर्जातच स्वतंत्र नमुने किती आणि रीडिंग किती असे दोन रकाने ठेवले तर पुढच्या वर्षी परीक्षकांना विचारण्याचीही गरज उरणार नाही.

याच चालीची दुसरी गोष्ट परिचयांची. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून (त्यातील निबंधांचे इतरांनी सरासरी किती दाखले दिले त्या आकड्यावरून) माणसाचे मोल ठरवू नये, असे सांगणारा जाहीरनामा २०१२ मध्ये अमेरिकेतील पेशी-जीवशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या अधिवेशनातून निघाला, आणि बीजभाषणात त्याचा गौरवाने उल्लेख झाला. पुढच्याच वक्त्यांच्या परिचयात त्यांच्या सर्व निबंधांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज वाचून दाखवण्यात आली. सभागृहाने टाळ्याही वाजवल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२५ मध्ये मान्य नियतकालिकांची आपली यादी बंद केल्यापासून चांगले नियतकालिक कोणते हे ठरवण्याचा भार महाविद्यालयांवर आला आहे, आणि अशा वेळी संघटनेने आकड्याची बेरीज वाचून दाखवणे जरा जास्तच खटकले.

माझी सर्वांत मोठी तक्रार मात्र नोंदणीच्या अर्जाविषयी आहे. आमच्या प्रयोगशाळेत वजने करणे, द्रावणे तयार करणे आणि काचसामान सांभाळणे हे काम बावीस वर्षे एक परिचर करतात. त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. त्यांनाही बरोबर घ्यावे म्हणून मी चौकशी केली, तर कार्यशाळा फक्त प्राध्यापक व संशोधक विद्यार्थ्यांसाठी आहे असे उत्तर आले. परत आल्यावर मी पिपेटीची गोष्ट मामांना सांगितली. ते म्हणाले, “मॅडम, तिचं बटन सैल झालंय म्हणून मी गेल्या वर्षीच सांगितलं होतं की ओ. तुम्ही म्हणालात, बजेटमध्ये बघू.” त्यांचे म्हणणे खरे होते. दोन दिवस, बारा टेबले आणि एक तराजू लावून मला जे कळले ते मामांना अंगठ्यानेच कळले होते. ज्यांच्या हातून मोजमाप होते त्यांना बाहेर ठेवून मोजमापाचा काटेकोरपणा शिकवायचा, हे कोणत्या संघटनेला पटावे? पुस्तिकाही फक्त इंग्रजीत आहे. निदान दीड पानाची ती कृती आणि पिपेट तपासण्याची रीत कानडीत व मराठीत छापली असती, तर या भागातल्या कितीतरी प्रयोगशाळांच्या भिंतींवर ती चिकटली असती.

व्यवस्थेबद्दल थोडक्यात सांगायचे तर महाविद्यालय मध्यवर्ती बसस्थानकापासून रिक्षाने जवळ आहे आणि यंत्रे चालू स्थितीत होती. दोनदा वीज गेली, पण जनरेटर लगेच सुरू झाला. तराजूच्या खोलीतला पंखा बंद ठेवण्याची सूचना मात्र तिसऱ्यांदा सांगेपर्यंत कोणी पाळली नाही. जेवणात ज्वारीची भाकरी, एणगाई आणि पहिल्या दिवशी कुंदा होता, आणि कुंद्याच्या बाबतीत दोन्ही दिवसांचा पुनःप्रत्यय आला नाही, कारण दुसऱ्या दिवशी तो संपला होता. पिशवी बरी आहे, तिची शिवण मजबूत आहे. प्रमाणपत्रावर माझे आडनाव चुकले होते, ते दहा मिनिटांत दुरुस्त करून मिळाले.

शुल्क वसूल झाले का, असे कोणी विचारले तर दुसऱ्या दिवसाचे झाले आणि पहिल्याचे नाही, असे मी सांगेन. संघटनेने पुढच्या वेळी दोन्ही दिवस टेबलावर घालवावेत, भाषणे ध्वनिमुद्रित करून आधीच पाठवावीत आणि शालींचा खर्च पुड्यांवर करावा.

दर चार महिन्यांनी सभासद प्रयोगशाळांना एक बंद नमुना टपालाने पाठवू, असे समारोपात जाहीर झाले होते. अशा घोषणांचे पुढे काय होते याचा अनुभव असल्याने मी ती मनावर घेतली नव्हती. पण पहिले पाकीट ठरल्या तारखेनंतर सात आठवड्यांनी का होईना, गेल्या मंगळवारी आले. आमचा क्रमांक १४ आहे. नमुना काय आहे ते लिहिलेले नाही, ओलावा काढून मगच वजन करावे अशी ठळक सूचना तेवढी आहे. पाकीट मामांनी डेसिकेटरमध्ये (ओलावा दूर ठेवणाऱ्या बंद भांड्यात) ठेवले आहे. पिपेट दुरुस्त होऊन आली आहे आणि तिच्यावर तारखेची चिकटपट्टी लागली आहे. ज्यांना पुढच्या फेरीत यायचे आहे त्यांनी सभासदत्व घेऊन संघटनेला लेखी कळवावे. अर्जात परिचराच्या नावासाठी रकाना नाही, पण प्राचार्यांच्या सहीच्या वर दोन ओळींची मोकळी जागा आहे. आम्ही मामांचे नाव तिथे लिहिले आणि ते कोणी खोडून पाठवलेले नाही.